मदत हवी आहे: क्रेडिट कार्डाचा समरी सूट (झटपट निकालाचा दावा), ईमेलमुळे मुदत वाढते का?

पुण्यातला दावा आहे. ताईंच्या कार्डावर शेवटचा भरणा ऑगस्ट २०२२ मध्ये. बँकेने दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३७ खाली दावा लावला डिसेंबर २०२५ मध्ये, म्हणजे दाव्याची तीन वर्षांची मुदत उलटल्यावर. मूळ खर्च ६२,०००, मागणी १,४१,०००.

अडचण एका ईमेलची. वसुलीवाल्याने फोनवर लकडा लावला म्हणून मे २०२४ मध्ये ताईंनी बँकेला लिहिलं, 'थकबाकी मान्य आहे, व्याज सोडलंत तर एकरकमी भरते.' खाली फक्त टाइप केलेलं नाव. मुदत कायद्याच्या कलम १८ ला मुदतीच्या आतली, सही असलेली लेखी कबुली लागते. टाइप केलेलं नाव सही धरतात का? धरली तर मुदत थेट मे २०२७ पर्यंत जाते.

समन्स मिळून सहा दिवस झालेत. दहा दिवसांत हजेरी नोंदवायची असते, ती उद्या करतोय. बरेच जण नुसता लेखी जबाब देतात, हजेरी राहते आणि सरळ हुकूमनामा होतो. पुढे जजमेंटचं समन्स (निकाल मागणारं) आलं की प्रतिज्ञापत्र देऊन बचावाची परवानगी मागायलाही दहाच दिवस.

त्या प्रतिज्ञापत्रात मुदतीचा मुद्दा आधी घ्यावा की व्याजाच्या हिशेबाचा? ईमेलवर मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल माहीत असेल तर कृपया सांगा. ताईंची झोप उडालीय.