अपंगत्वाचा विमा: घ्यावा, की तेवढे पैसे बाजूला टाकावेत?

फॅब्रिकेशनवाला: कराडला माझं ग्रिल-गेटचं छोटं शॉप आहे. हाताखाली दोन पोरं. गेल्या महिन्यात शेजारच्या शॉपमध्ये एकाची दोन बोटं कटरमध्ये गेली, तेव्हापासून बायको मागे लागलीय की अपंगत्वाचा विमा घ्या. एजंट १० लाखांचा अपघात विमा सांगतोय. बँकेतून २० रुपयेवाला प्रधानमंत्री सुरक्षा विमा तर दर मेअखेरीस कापला जातोच. मग आणखी कशाला?

कोरडवाहू: नका घेऊ. एजंट तोंडाने 'अपंगत्व' म्हणतो, कागदावर 'अपघात' असतं. आमच्या चुलत्यांना पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली. पॉलिसी होती, पण पक्षाघात म्हणजे आजार, अपघात नव्हे! छदाम मिळाला नाही. तेवढा हप्ता पोस्टात टाका, आपला आपल्याकडे राहील.

हिशेबी सूनबाई: वर्षाला हजार टाकले आणि दुसऱ्याच वर्षी हात गेला, तर पोस्टातून दोन हजार काढणार?

दादा, २० रुपयांच्या सुरक्षा विम्यात दोन्ही हात, पाय किंवा डोळे कायमचे गेले तर २ लाख, एक गेला तर १ लाख. बोटांचं त्यात नाव नाही, आणि तुमच्या धंद्यात आधी बोटंच जातात. म्हणून पॉलिसीतला तक्ता मागून घ्या: अंगठ्याला किती टक्के, तर्जनीला किती. 'सरल सुरक्षा बीमा' ही अपघात पॉलिसी बघा, सगळ्या कंपन्यांत त्याच्या अटी सारख्या. तात्पुरत्या पूर्ण अपंगत्वाचं (म्हणजे इजेमुळे काही काळ कामच करता येत नाही, त्याचं) कलम जादा पैसे भरून घेतलं, तर आठवड्याला विमा रकमेच्या ०.२ टक्के मिळतात. १० लाखांवर २,०००.

कोरडवाहू: दोन हजारांत पोरांचा पगार तरी निघतो का?

फॅब्रिकेशनवाला: पगार नाही, पण शॉपचं भाडं निघेल की.

हिशेबी सूनबाई: तेच म्हणतेय. प्लास्टरमध्ये दोन महिने हात अडकला तरी शॉपला कुलूप लागायला नको.

दाव्यांचं टेबल: विमा कंपनीत वीस वर्षं दावे तपासले. घ्या, पण अर्जावर व्यवसाय खरा लिहा. हप्ता कमी दिसावा म्हणून एजंट 'दुकानदार' ठोकून देतात. तुम्ही स्वतः कटरवर उभे राहता हे नंतर निघालं की दावा अडकलाच. चुलत्यांसारख्या दुखण्याला गंभीर आजाराची पॉलिसी लागते. ती वेगळी, महाग, आणि बहुधा पहिले ९० दिवस तिच्यात काही मिळत नाही.

आणि त्या पोरांचं काय? ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, नसेल तर कामावर त्यांना इजा झाल्याची भरपाई कायद्याने मालकाच्या, म्हणजे तुमच्याच खिशातून जाते. त्याचाही विमा मिळतो.

फॅब्रिकेशनवाला: एजंटाने भरलेला अर्ज आत्ता काढून बघितला. व्यवसाय: 'हार्डवेअर दुकान'. उद्या बोलावतो त्याला. पोरांचं तर मी धरलंच नव्हतं.