नववी, धाराविद्युत: ३६ मुलं आणि ६ टॅब, मेळ कसा घालायचा?

प्रयोगवही: नमस्कार. मराठी माध्यम, नववीचा वर्ग, पट ३६. शाळेत ६ अँड्रॉइड टॅब आहेत, नेट असून नसल्यासारखं. ओहमच्या नियमाचा (रोध तोच असेल तर विभवांतराच्या प्रमाणात धारा वाढते) व्हिडिओ मुलांनी घरी बघून यावं आणि वर्गात प्रयोग व उदाहरणं घ्यावीत, असा विचार आहे. पण निम्म्याहून जास्त घरांत एकच फोन आहे. तासिका ४० मिनिटांची. जमेल का?

फळा_खडू: घरच्या व्हिडिओवर तास उभा करू नका. जी मुलं न बघता येतील त्यांच्यासाठी तेच पुन्हा सांगावं लागेल, मग बघून येणारीही बघणं सोडतील. त्यापेक्षा टॅबचं काम वर्गातच घ्या. दोन तासिका जोडून घ्या आणि १२-१२ मुलांचे तीन गट करा. एक गट टॅबवर (एका टॅबला दोघं), एक प्रयोगाच्या टेबलांवर (चौघांना एक संच), एक तुमच्यासमोर आलेख आणि उदाहरणं सोडवायला. दर २२ मिनिटांनी अदलाबदल. उरलेला वेळ सूचना आणि हलण्यातच जातो, तो धरूनच चाला.

बहुतेकांचं घोडं कृतिपत्रिकेत अडतं. तिन्ही गट वेगवेगळ्या जागी सुरुवात करतात, त्यामुळे ‘मघाच्या प्रयोगात पाहिल्याप्रमाणे’ असं वाक्य पत्रिकेत आलं की दोन गट गोंधळले. प्रत्येक जागेचं पान स्वतंत्र हवं आणि पहिली ओळ अंदाजाची: सेल वाढवले तर धारेचं काय होईल? अंदाज लिहिल्याशिवाय टॅबला हात नाही.

रोधक: टॅबसाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातलं डीसी परिपथ जोडणीचं सिम्युलेशन (पडद्यावरचा आभासी प्रयोग) घ्या. त्यात रोध १० ओहमच ठेवा आणि विभवांतर १.५, ३, ४.५, ६ व्होल्ट. धारा ०.१५, ०.३०, ०.४५, ०.६० ॲम्पिअर येते. तिथे १०० ओहम घेऊ नका. ॲमीटर दोनच दशांश स्थळं दाखवतो, आकडे गोलावतात आणि आलेख वाकडातिकडा येतो.

टेबलावर मात्र उलट, १०० ओहमच घ्या. ६ व्होल्टला १० ओहममध्ये ३.६ वॅट खर्च होतात, साधा रोधक जळतो. १०० ओहमला ०.३६ वॅट, म्हणून अर्ध्या वॅटचा रोधक घ्या, पाव वॅटचा नको. धारा १५ ते ६० मिलिॲम्पिअर, तेव्हा मल्टिमीटर २०० मिलिॲम्पिअरच्या पट्ट्यावर (रेंजवर). या पट्ट्यावर असताना तो थेट सेलला जोडला की आतला फ्यूज उडतो. हे आधीच दाखवा: सिम्युलेशनमध्ये सेलची टोकं नुसत्या तारेने जोडली की ज्वाळा दिसतात, मुलांना कारण लगेच पटतं.

नियम पडताळायला बल्ब अजिबात नको. सिम्युलेशनमधल्या साध्या बल्बचा रोध स्थिर असतो, खऱ्या बल्बची तार तापून रोध वाढतो. टॅबवर सरळ रेषा, टेबलावर वक्र! पुढच्या तासाला हाच फरक मुद्दाम दाखवण्यासारखा आहे.

तारजोडणी: नेटचा प्रश्न सोपा आहे. सिम्युलेशनची एचटीएमएल फाइल एकदा उतरवून सहाही टॅबमध्ये टाका. फाइलवर नुसतं टिचकी मारली तर काही टॅबमध्ये ती भलत्याच व्ह्यूअरमध्ये उघडते आणि पडदा पांढरा राहतो. ‘ओपन विथ’मधून क्रोम निवडा. हे आदल्या दिवशी सहाही टॅबवर करून बघा, एकावर चाललं म्हणून सगळ्यांवर चालेल असं नाही. चार्जिंगही तेव्हाच.

प्रयोगवही: फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. मुलांना समजलं की नाही, हे त्याच तासात कसं कळेल?

फळा_खडू: शेवटच्या ३ मिनिटांत चिठ्ठीवर एकच प्रश्न: विभवांतर दुप्पट केलं तर त्याच रोधकाचा रोध किती होईल? उत्तर ‘तेवढाच’. पण सूत्र पाठ असलेली मुलंही ‘दुप्पट’ लिहितात, कारण धाराही दुप्पट होते हे सुटतं. अशा चिठ्ठ्या ८-१० निघाल्या तर पुढच्या तासिकेला त्या मुलांना टेबलावरच्या स्वतःच्याच चार नोंदींत विभवांतराला धारेने भागायला बसवा.