भजनांच्या अल्बमला बारकोड कुठून घ्यायचा? (बजेट 2000)

तासगावचा_टाळकरी: आमच्या मंडळाची 7 भजनं मिरजेतल्या स्टुडिओत रेकॉर्ड झालीत. स्पॉटिफायवर टाकायचीत, शिवाय जत्रेत विकायला थोड्या सीडी. फॉर्ममध्ये यूपीसी (बारकोडचा नंबर) आणि आयएसआरसी (रेकॉर्डिंगचा कोड) मागतायत. हे विकत घ्यायचं असतं का? बजेट 2000, त्यातच कव्हर.

कृष्णाकाठ: 2000 त फार तर पखवाजाची पुडी बदलून होईल भावा. सरळ जीएस1 इंडियाकडं, म्हणजे बारकोड देणाऱ्या संस्थेकडं, नोंदणी कर. आमच्या बेदाण्याच्या पाकिटांना तिथलाच बारकोड आहे, 890 नं सुरू होणारा. फी जाते, पण काम एक नंबर.

विट्याचा_कीबोर्ड: काका, बेदाणा वेगळा, भजन वेगळं. ऑनलाइन गाणी टाकणारे डिस्ट्रिब्युटर बहुतेक वेळा दोन्ही कोड फुकट देतात. रकाना रिकामा सोडायचा. यूपीसी अख्ख्या अल्बमला एक, आयएसआरसी दर गाण्याला वेगळा. टाळकरी, तुम्हाला एक यूपीसी आणि सात आयएसआरसी.

साताऱ्याची_कैरी: फुकटातलं घेऊ नका!! माझ्या भावानं नेटवरनं स्वस्तातला बारकोड घेतला. दुकानात सीडी स्कॅन केली तर स्क्रीनवर हळदीचं पाकीट. अजून चिडवतात त्याला.

विट्याचा_कीबोर्ड: ताई, तो विकतचाच होता की.

मिरजेचा_तंबोरा: बारकोडचं सोडा, आयएसआरसी जपा. मी डिस्ट्रिब्युटर बदलला तेव्हा त्यांनी जुने कोड न विचारता नवे टाकले. प्ले काउंट शून्यावर आला. नवीन ठिकाणी जुनेच कोड भरायचे. कोड 12 अक्षरांचा: पहिल्या दोन जागा देशाच्या, मग तीन नोंदणीदाराच्या, दोन वर्षाच्या, शेवटचे पाच आकडे क्रमांकाचे. वर्ष कोड दिल्याचं असतं, रेकॉर्डिंगचं नव्हे. तेच रेकॉर्डिंग पुढं दुसऱ्या अल्बममध्ये घेतलं तरी आयएसआरसी तोच. पुन्हा गायलात तर नवा. यूपीसी मात्र दर अल्बमला नवा, आणि सीडीला डिजिटलपेक्षा वेगळा.

कृष्णाकाठ: मग सुरुवात आयएन नं पाहिजे. परदेशी कंपनी क्यूझेड देते म्हणं. तुकोबांच्या अभंगाला अमेरिकेचा कोड?

मिरजेचा_तंबोरा: चालतो हो. कोड कुणी दिला एवढंच त्यातनं कळतं. तुमचं 890 पण तसंच, माल कुठं पिकला ते त्यात नसतं. भारतातला हवाच असेल तर इंडियन म्युझिक इंडस्ट्री या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेकडं नोंदणी करून स्वतःचे कोड काढता येतात.

कवठ्याचा_पेटीवाला: कोड घेतला की चाल आपल्या नावावर होते ना? आमची चाल शेजारच्या गावानं उचललीय.

विट्याचा_कीबोर्ड: नाही होत. आयएसआरसी म्हणजे रेकॉर्डिंगची ओळख, मालकीचा कागद नव्हे. चाल आणि शब्दांचा आयएसडब्ल्यूसी वेगळा, टी नं सुरू होतो. चाल तुमची असेल तर आयपीआरएसकडं (गीतकार-संगीतकारांची हक्कसंस्था) चौकशी करा.

साताऱ्याची_कैरी: मी पण तेच म्हणत होते, आयएसआरसी जपून ठेवा.

तासगावचा_टाळकरी: आभार मंडळी. ऑनलाइनला डिस्ट्रिब्युटरचेच कोड घेतले, वहीत उतरवून ठेवलेत. सीडीवर मात्र डिजिटलचाच बारकोड छापतोय. बुवा म्हणतात, रेघा असल्याशिवाय कंपनीचा माल वाटत नाही. दुकानात ठेवायच्याच नाहीत, जत्रेत कोण स्कॅन करतंय?

मिरजेचा_तंबोरा: अहो, सीडीला वेगळा लागतो, वर लिहिलंय की!

कृष्णाकाठ: 890 घ्या म्हणलं होतं. असो. कव्हर कुणाकडनं करताय?