गोळ्यांचं काय?

"कानात सुया टोचून कंबर दुखायची राहते होय? थोतांड आहे," असं वर एकांनी बॅटलफील्ड ॲक्युपंक्चरबद्दल (दुखणं कमी करायला कानात सुया टोचायची पद्धत) लिहिलंय. पुरावा अजून तोकडा आहे, हे मलाही मान्य. पण ही पद्धत सैनिकांसाठी का निघाली, ते कुणी सांगितलं नाही. अमेरिकी हवाई दलातले डॉ. रिचर्ड निमत्झो यांनी २००१ मध्ये ती बसवली. प्रत्येक कानावर ५ ठरलेल्या जागा, टाचणीच्या टोकाएवढ्या सुया. एक टोचली की पेशंटला जरा चालवतात, दुखणं उतरलं की तिथंच थांबतात. सुया काही दिवसांत आपोआप गळतात. आराम कायमचा नसतो, पण तेवढ्या गोळ्या वाचतात, म्हणून ती सैनिकांसाठी.

माझे वडील, आण्णा, साताऱ्याजवळच्या मिलिटरी अपशिंगे गावचे, मराठा लाइट इन्फंट्रीतून रिटायर. गुडघ्यासाठी वर्षानुवर्षं गोळ्या. उशाशी स्टीलचा डबा, झाकणाला रबर. रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं, म्हणजे किडनीवर ताण आला, आणि डॉक्टरांनी तो डबाच बंद केला. आता रात्री दोनला उठून गुडघा चोळत बसतात, हाक मारत नाहीत. साताऱ्यात ईसीएचएसच्या (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमध्ये कुणी नीट शिकून हे सुरू केलं, तर मी आण्णांना पहिल्या दिवशी घेऊन जाईन. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर मात्र आधी सांगायचं.