मदत हवी आहे: चौघांच्या टीमनं जखमी साथीदाराला उभ्या विवरातून वर कसं घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी बेळगावचा. आम्ही चौघं मित्र सात-आठ वर्षं रोपवर चढ-उतार करतोय. जांबोटीच्या पुढं एका शेतकरी मामांच्या रानात 25 मीटरचं सरळ उभं विवर आहे, तिथं त्यांना विचारूनच उतरतो. बारापेडेच्या गुहांकडं मात्र जात नाही. त्या भीमगड अभयारण्यात आहेत आणि तिथली रॉटनची वटवाघळं फार दुर्मिळ, त्यांना त्रास नको.

गेल्या महिन्यात तळाशी दगड निसटला आणि मित्राचा घोटा मोडला. त्याचं वजन 82 किलो. एक जण त्याच्याजवळ थांबला, दुसरा रेंज शोधत माळावर पळाला. वर रोपशी उरलो मी एकटा, 58 किलोचा.

थ्री-टू-वन लावलं, म्हणजे रोप पुलींतून वळवून तिसऱ्या हिश्श्याच्या जोरात वजन ओढायची जुळणी. हिशेबानं 27-28 किलोच ओढायचे होते, पण पुली एकच होती, दुसऱ्या वळणावर साधा कॅराबिनर (झडपेची धातूची कडी), शिवाय काठाचं घासणं. तीन मीटर ओढावी तेव्हा तो एक मीटर वर यायचा. काठावर घातलेलं पोतं सरकलं आणि रोपच्या आवरणाचे पांढरे धागे पिंजून उभे राहिलेले दिसले. माझे हातच थांबले. त्याला परत तळाशी सोडलं आणि दुसरी रोप लावली. मग मामा आणि त्यांचा मुलगा धावत आले, त्यांचे हात लागले म्हणून तो वर आला. तीन तास गेले. ओल्या कपड्यांत तो नुसता थडथडत होता. घोट्यापेक्षा मला त्या थंडीचीच जास्त भीती वाटली. ती रोप आता कापून टाकलीय.

ज्यांनी हे प्रत्यक्ष केलंय त्यांना विचारतो. वर एकच माणूस असेल तर थ्री-टू-वन सोडून काउंटरबॅलन्स करावा का? म्हणजे अँकरच्या (रोप जिथं पक्की बांधतो त्या आधाराच्या) पुलीतून गेलेल्या रोपला स्वतःचं वजन लटकवून समोरच्याला वर घ्यायचं. पण 58 वर 82 कसे उचलणार? जखमीनं एका पायानं भिंतीला रेटा दिला तर जमतं का?

दुसरं, रोप वर डिसेंडरवर (रोप सावकाश सोडणारं ब्रेकसारखं साधन) लॉक करून बांधली तर मध्येच लटकलेल्याला वरूनच खाली सोडता येतं. हे आम्हाला फार पटलंय, कारण बेशुद्ध माणूस हार्नेसमध्ये (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांत) लटकत राहिला तर काही मिनिटांतच जिवावर बेततं. पण तो काठाजवळच अडकला तर जवळजवळ पूर्ण 25 मीटर सोडावे लागणार. गाठी आणि अँकर ते काठ हे अंतर धरलं तर 50 मीटरची रोप तोकडी पडते. 60 ची घ्यावी, की दुसरी जोडून गाठ डिसेंडरमधून पार करावी?

पाठीला किंवा मानेला मार असेल तर हलवायचं नाही, ऊब द्यायची आणि 112 ची वाट बघायची, हे आमचं ठरलंय. 2014 मध्ये जर्मनीतल्या रिझेंडिंग गुहेत सुमारे 1000 मीटर खोलीवर जखमी झालेल्या योहान वेस्टहाउझरला बाहेर काढायला सातशेहून जास्त माणसं राबली, तरी बारावा दिवस उजाडला. आमचं विवर लहान, पण माणसंही चारच. तळाशी थांबणाऱ्याच्या पिशवीत नेमकं काय हवं? विवराचा पत्ता आणि वाटेच्या खुणा कन्नडमध्ये लिहिलेली चिठ्ठी आता प्रत्येकाच्या खिशात असते.

येत्या रविवारी मामांच्या आंब्याच्या झाडावर वाळूची पोती बांधून सराव करणार आहोत. त्याआधी उत्तरं मिळाली तर फार उपकार होतील. आमचं काही चुकत असेल तर स्पष्ट सांगा.