आंतरकर्णाच्या संज्ञा आईला कशा सांगाव्यात?

प्रश्न (दांडिया बाजार, वडोदरा): आईला कूस बदलताना भोवळ येते. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेले 'लॅबिरिंथ' आणि 'युट्रिकल' हे शब्द तिला मराठीत कसे समजावावेत?

उत्तर १: लॅबिरिंथ म्हणजे शंखास्थीतील, म्हणजे कानशिलाच्या हाडातील, वळणावळणांची पोकळी. तीत ऐकण्यासाठी कॉक्लिया, म्हणजे सुमारे अडीच वेढ्यांची शंखासारखी नळी (मूळ लॅटिन शब्दही गोगलगाईचाच), आणि तोल सांभाळण्यासाठी युट्रिकल व सॅक्युल या दोन छोट्या पिशव्या आणि तीन अर्धवर्तुळाकार नलिका असतात.

उत्तर २: युट्रिकलमधील कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक सुटून नलिकेत, बहुधा मागच्या, शिरले, की कूस बदलताना तेथील द्रव ढवळतो आणि घर फिरल्यासारखे वाटते. आजीला हे सांगताना मी पाण्याच्या पेल्यात वाळूचे कण टाकून तो तिरका केला होता. तिला लगेच उमगले. आईंचे निदान हेच असेल, तर डोके ठरावीक क्रमाने वळवण्याची एप्ली पद्धत डॉक्टरांकडूनच करून घ्यावी.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आज संध्याकाळी पेला आणि वाळू घेऊन आईजवळ बसतो.