ऑफिसातल्या 'आग गरम असते' छाप पाट्या: कुठल्या काढू, कुठल्या ठेवू?

शंकासूर:
मंडळी, एक विचित्र काम गळ्यात पडलंय. ऑफिसला नवीन रंग द्यायचाय म्हणून भिंतीवरच्या सगळ्या पाट्या, कागद, स्टिकर उतरवायचे आणि नंतर "लागतील तेवढेच" परत लावायचे असं ठरलं, आणि ते ठरत असताना मी हसलो म्हणून साहेबांनी माझ्याकडेच बोट दाखवलं. काल सगळ्या मजल्यांवर फिरून फोटो काढले. एकट्या पँट्रीत अकरा पाट्या निघाल्या! मायक्रोवेव्हवर 'गरम केलेले भांडे गरम असते', अक्षरशः हेच शब्द. प्रिंटरवर 'कागद संपल्यास प्रिंट येत नाही'. टॉयलेटमध्ये 'सीटवर पाय ठेवून बसू नये', चित्रासकट. काचेच्या दारावर 'ढकला', त्याखाली कोणीतरी पेनने 'ओढू नका', आणि त्याच्याखाली वेगळ्या अक्षरात 'अहो खरंच ढकला'.

आणि माझी सगळ्यात लाडकी म्हणजे स्टोअररूमच्या दारावरची, 'इथून बाहेर जाता येत नाही'. अहो स्टोअररूम आहे ती, तिच्यातून कोण कशाला बाहेर जाईल? नवीन जॉइन झालेल्याला आम्ही ती पाटी मुद्दाम दाखवायला नेतो.

तर प्रश्न असा की ठेवायचं काय आणि फेकायचं काय हे ठरवायला काही तर्क आहे का? का सरळ सगळंच कचऱ्यात घालू? आणि तुम्ही बघितलेले नमुने पण टाका.

बिनकामाचा_बाण:
सगळं कचऱ्यात. आमच्याकडे एका भिंतीवर 'येथे कागद चिकटवू नये' असा कागद चिकटवलाय, त्याच्या वर काय बोलणार. हे सगळं खूळ वकिलांमुळे आलंय. अमेरिकेत ती बाई नव्हती का, स्वतःच्याच मांडीवर कॉफी सांडली आणि कोर्टातून करोडपती होऊन बाहेर आली, तेव्हापासून जगातल्या प्रत्येक कपावर 'गरम आहे' लिहायला लागले.

पेन्सिल_कानावर:
इंटिरियरची कामं करतो, त्यामुळे दाराबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. शंकासूर, एक सांगा, त्या काचेच्या दाराला ढकलायच्या बाजूला उभा दांडा आहे ना? असणारच. दांडा दिसला की हात तो धरतो आणि ओढतो, त्यात त्या माणसाच्या अकलेचा काही दोष नाही. डॉन नॉर्मन म्हणून डिझाइनवर लिहिणारे प्रसिद्ध गृहस्थ आहेत, त्यांनी १९८८ सालीच ह्यावर इतकं लिहून ठेवलंय की अशा दाराला आता 'नॉर्मन डोअर' असंच म्हणतात. ढकलायच्या बाजूचा दांडा काढा आणि तिथे हाताच्या उंचीला एक सपाट पट्टी बसवा. पट्टी धरून ओढताच येत नाही, मग माणूस न वाचता ढकलतो. तीनही पाट्या एका फटक्यात गेल्या.

माझा हिशोब सोपा आहे, एका वस्तूवर दुसरी पाटी लागली की ती वस्तूच चुकलीय असं समजायचं.

पिवळं_हेल्मेट:
कारखान्यात सेफ्टीचं काम बघतो, बरीच वर्षं झाली. आधी ती स्टोअररूमची पाटी, कारण तुम्ही जिला हसताय ती एकच मी तुम्हाला काढू देणार नाही. विचार करा, धूर झालाय, लाइट गेलेत, माणूस भिंतीला हात लावत चाललाय आणि हाताला पहिलं दार लागतं ते उघडून आत घुसतो. आत खोकी. मागे वळेपर्यंत धूर आत आलेला. अमेरिकेत एनएफपीए १०१ म्हणून इमारतीतून सुखरूप बाहेर पडण्याबद्दलची नियमावली आहे, तिच्यात जे दार चुकून एक्झिट वाटू शकतं त्याच्यावर 'नो एक्झिट' लिहा असा सरळ नियम आहे, आणि तो पण नुसता नाही, वर 'नो' २ इंच उंचीचं आणि खाली 'एक्झिट' १ इंचाचं, म्हणजे घाईत अर्धवट वाचून 'एक्झिट' तेवढंच डोक्यात जायला नको! एवढा बारीक विचार केलाय, आणि तुम्ही नवीन पोरांना हसवायला तिथे नेताय.

तसंच 'आग लागल्यास लिफ्ट वापरू नका'. हे पण सगळ्यांना माहीत असतं ना? पण लिफ्टचा बोगदा धुराला चिमणीसारखा वर ओढतो आणि वीज गेली की तुम्ही दोन मजल्यांच्या मध्ये अडकता, आणि त्या घाबरलेल्या क्षणी माणूस रोजच्या सवयीने बटणच दाबायला जातो. ती पाटी शिकवायला नसते, आठवण करायला असते.

आता बाण साहेब, तुमच्या कॉफीचं. ती घटना १९९२ ची. बाई ७९ वर्षांच्या, थर्ड डिग्रीचं भाजलं, कातडी लावावी लागली. ती कॉफी मॅकडोनाल्ड्सची, तिथे ती साधारण ८२ ते ८८ सेल्सिअसला दिली जायची आणि भाजल्याच्या ७०० च्या आसपास तक्रारी आधीच आल्या होत्या. १९९४ मध्ये ज्युरीने २८ लाख डॉलरच्या वर आकडा सांगितला हे खरं, पण न्यायाधीशांनी तो साडेसहा लाखाच्याही खाली आणला आणि नंतर आपसात तडजोड झाली. आणि गंमत म्हणजे कपावर सूचना तेव्हाही होती! ज्युरीला ती पुरेशी वाटली नाही एवढंच. म्हणजे गडबड कॉफीच्या तापमानात होती.

आमच्याकडे हेच शिकवतात: आधी धोका काढून टाका, नाही जमलं तर कमी धोक्याचं काहीतरी वापरा, नाही तर जाळी नाहीतर गार्ड बसवा, त्याच्या खाली मग नियम आणि पाट्या, आणि सगळ्यात शेवटी हेल्मेट-हातमोजे. पाटीचा नंबर शेवटून दुसरा, आणि लोक सुरुवात तिच्यापासून करतात कारण ती स्वस्त असते.

रात्रपाळी:
मी नर्स आहे. आमच्या बेसिनवर 'हात धुवा' आहे. डॉक्टरांना! हसू येतं खरं. पण १८४७ मध्ये व्हिएन्नाच्या हॉस्पिटलात सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने हेच सांगितलं होतं, शवविच्छेदन करून थेट बाळंतिणींकडे जाऊ नका, आधी क्लोरिनच्या पाण्यात हात धुवा, तर वॉर्डातले मृत्यू झपकन खाली आले आणि तरी मोठमोठे डॉक्टर मानायला तयार होईनात, कारण घाण आपल्या हातातून जाते हे ऐकवत नव्हतं. म्हणजे आज जे उघड वाटतं ते एकेकाळी भांडून मान्य करून घ्यावं लागलंय.

बाकी खरं सांगू का, पाटी आहे म्हणून कोणी हात धुत नाही. पेशंटच्या पलंगाजवळ, हात पोचेल तिथे सॅनिटायझर ठेवला की वापरला जातो. आणि 'फरशी ओली आहे' चा पिवळा बोर्ड आमच्याकडे कोरड्या फरशीवर पण दिवसभर उभा असतो, त्यामुळे खरंच ओली असते त्या दिवशी आम्हीच घसरतो. ह्यात मी आले, गुडघा अजून दुखतो.

आणि हो, टॉयलेटची चित्रवाली पाटी राहू द्या. ज्याने आयुष्यभर दुसऱ्या प्रकारचं वापरलंय त्याला कोण सांगणार? विचारायची लाज वाटते लोकांना.

बिनकामाचा_बाण:
कॉफीचं मला अर्धवटच माहीत होतं, मान्य. पण 'गरम केलेले भांडे गरम असते' ह्याचं कोणी समर्थन करून दाखवाच.

पिवळं_हेल्मेट:
ते वाक्य फालतूच आहे, पण विषय फालतू नाही. गुळगुळीत कपात नुसतं पाणी जास्त वेळ ठेवलं तर ते १०० च्या वर जाऊनही बुडबुडे येत नाहीत, शांत दिसतं, आणि चमचा घातला की एकदम उसळून तोंडावर येतं. 'पाणी उकळताना दिसत नसलं तरी थोडं थांबा, मग हलवा' असं लिहा. लोकांना जे माहीत नाही ते लिहा की राव.

शंकासूर:
सगळ्यांचे आभार. आज संध्याकाळी एक प्रयोग केला. रंगाच्या कामासाठी पाट्या उतरवलेल्याच आहेत, तर गेल्या आठवड्यात जॉइन झालेल्या मुलीला पॅसेजच्या टोकाला उभं केलं, लाइट घालवले आणि म्हटलं आग लागलीय, बाहेर पड. ती सरळ स्टोअररूममध्ये गेली. जिन्याचं दार बरोब्बर शेजारी आहे, तोच रंग, तेच हँडल, आणि मला तीन वर्षांत हे कधी दिसलं नव्हतं. पाटी उद्याच परत लागतेय, आणि दोन्ही दारांना वेगळा रंग सांगितलाय.

प्रिंटरची काढली. मायक्रोवेव्हवर हेल्मेट साहेबांचं वाक्य लागणार.

पेन्सिल_कानावर:
आणि काचेचं दार? पट्टी बसवताय ना?

शंकासूर:
साहेब म्हणाले त्याला बजेट नाही, 'ढकला' जरा मोठ्या अक्षरात छापून घे.